पोळ्याच्या दिवशी बंडी कोन ओढन?

मी मैनाबाई. आधीच सांगून ठेवते, मले मधात टोकलेलं चालत नाही. आमच्या गावच्या आपत्ती समितीची मी अध्यक्ष हाये, अन् आमच्यासारखा आराखडा अख्ख्या दिग्रस तालुक्यात कोनाचा नाही, हे छाती ठोकून सांगते.

पाऊस आता पयल्यासारखा राह्यला नाही. महिनाभर तोंड दाखवत नाही, अन् मंग एका दुपारी महिन्याचा सारा ओतून देते. म्हनून आम्ही दोन वर्षं बसून आराखडा केला. वरच्या गावातून फोन कोनाले येईन, शाळेची घंटा कोन वाजवन, नाल्याकाठच्या तांड्यातून टेकडीवरच्या शाळेत आधी कोनाले आनायचं, सारं लिहून ठेवलं. तांड्यात चालता न येनारे चौघं. त्यात पयलं नाव भुरीबाईचं. मागच्या पुरात तिले बाजेवर टाकून आनलं, तर चिखलात उचलनाऱ्यांचे पाय घसरले अन् बिचारीची कंबर मोडली. ट्रॅक्टरचं तर नावच नोका काढू, आमच्या काळ्या मातीत तो पांदनीतच फसते. मंग ठरलं, चौघांसाठी बैलबंडी. बैल आमच्या घरचे. गावात अशी जोडी नाही.

भुरीबाईचा पोरगा पूनमसिंग दिग्रसले जिनिंगमधी कामाले हाये. मिरगाच्या आधी तो मायले न्यायले आला. म्हने, "काकू, याडीले मी तिकडे नेतो. तुमच्या कागदावर माहा भरोसा नाही."

भुरीबाई रडाले लागली. तिले तांडा सोडवत नव्हता. अन् मले असा राग आला न बापा! मी म्हनलं, "कागद नको पाहू, माह्या तोंडाकडे पाय. पानी आलं तर घंटा वाजल्यापासून अर्ध्या तासात तुही माय शाळेत असन. हा मैनाबाईचा शब्द हाये."

मायले ठेवून तो गेला, पन मनातून मानला नाही. ते मले दिसत होतं.

मंग आला पोळा. दिवसभर चक्क ऊन. चार वाजता बैल तोरनाखाली उभे झाले, शिंगाले रंग, पाठीवर झूल, डफडी वाजून राह्यली. अन् माह्या मोबाईलवर वरच्या गावाचा फोन आला. ढग फुटला, नाला फुगला, तासाभरात पानी तुमच्याकडे येते.

घंटा वाजली. पोट्टे दोर घेऊन धावले, बायांनी तांड्यातली लेकरं कडेवर घेतली, ज्याले जे सांगतलं होतं ते तो करून राह्यला होता. मले दहा हत्तींचं बळ आलं. मी आमच्या घरधन्याले, रामरावले, म्हनलं, "जुपा बंडी!"

रामराव जागचे हालले नाही. "आज पोळा हाये," म्हने.

दोन वर्षं आम्ही नक्षत्रं धरली, नाल्याचं पानी मोजलं, चैत्राच्या उन्हात बंडी पळवून घड्याळ लावलं. पोळा येते भर पावसाळ्यात, अन् त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, हे शेंबड्या पोराले ठाऊक. आमच्या आराखड्यात तेच नव्हतं! आराखडा टाइप करनाऱ्या मधुवंती मॅडम यवतमाळ शहरातल्या, त्यायचं सोडा. पन समितीत आम्ही अकरा जन, अन् अकराच्या अकरा घरी बैल. मले माह्याच थोबाडीत हानावंसं वाटलं.

"कायले अडून बसता?" मी वरडली. "देव घेईन समजून! भुरीबाई तिकडे वाट पाहून राह्यली!"

"देवाचं कोन म्हनून राह्यलं?" रामराव म्हने. "काल बैलाचा खांद शेकला, हळद-लोनी चोळलं, अन् कानात सांगतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर तो माह्यासाठी ओढते. जेवाले बोलावून त्याच्या मानेवर जू ठेवू?"

"अन् मी शब्द देला त्याचं काय?"

"तुवा भुरीबाईले देला, म्या बैलाले देला. दोन्ही पाळू."

त्यायनं डोक्याचा फेटा सोडला, घडी करून खांद्यावर टाकला, अन् जू उचलून सोता खाली शिरले. "या रे कोनी जोडीले!"

तांड्यातला धरमसिंग दुसऱ्या बाजूनं लागला. बाकीच्यायनं दोर बांधले, दहा जन पुढून, सहा जन मांगून चाकाले. म्या म्हनलं, "कासरा कोन धरन?" रामराव म्हने, "तीस वर्षं तूच तं धरून हायेस." तेवढ्या घाईतही मानसं हासली.

पांदनीत मागच्या पावसाचा गुडघाभर चिखल. चौघाले बंडीत बसवलं तवा नाल्याचा आवाज ऐकू येऊन राह्यला होता. भुरीबाईनं समोर पाह्यलं अन् किंचाळली, "माय वो, मानसं जुपली! उतरवा मले!"

"बस मुकाट्यानं," रामराव धापा टाकत म्हने. "पोळ्याच्या दिवशी बैलाले बोलत नसतात."

चढावर बंडी दोनदा मांगे सरकली. दुसऱ्या खेपेले मी चाकाखाली गोटा सारला अन् माहं बोट ठेचलं. दुखलं ते मले रात्री समजलं. शाळेच्या पायऱ्यांपाशी पोचलो तवा घंटेपासून एकोनचाळीस मिनिटं झाली होती. अन् आमच्या डोळ्यांदेखत पानी भुरीबाईच्या दारात शिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनमसिंग शाळेपाशी गाडी घेऊन आला. तोंड लालबुंद. "याडीचं सामान बांधा," म्हने.

मी लपवाछपवी करत नसते. सरळ सांगतलं, "अर्धा तास म्हनलं होतं, नऊ मिनिटं जास्त लागली. पोळा आम्ही विसरलो. चूक माही हाये. तुले न्यायची तर ने." शब्द हुकला होता.

वऱ्हांड्यात रामराव अन् धरमसिंग उघड्या आंगानं बसले होते. दोघांच्याही खांद्याची साल निघाली होती. पूनमसिंग लय वेळ तिकडेच पाहत राह्यला. मंग मायजवळ जाऊन बसला. माय त्याच्या कानात काहीतरी बोलली, बंजाऱ्यायच्या गोरबोलीत, मले समजलं नाही.

उठून माह्याकडे आला. "काकू, यादी कुठं हाये?"

"कायची यादी?"

"बंडी ओढनाऱ्यांची. माहं नाव लिहा."

मले भरून आलं, पन मी थोडीच दाखवते! म्हनलं, "असं नाव लिहीत नाही मी. आधी सरावाले यायचं."

"कधी हाये?"

"चैत्रात करून फसलो. आता चिखल हाये तवरच. उद्या सकाळी."

तो बाहेर गेला अन् त्यानं गाडीवाल्याले रिकामं परत लावून देलं.