धुळेवाला भाई आणि माझ्या तेवीस ओळी

तेवीस ओळी, एवढेच माझे अंग, मित्रांनो. मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. संगणकाने एकामागून एक कोणती कामे करायची, हे ज्यात लिहून ठेवतात ती यादी म्हणजे स्क्रिप्ट. १९९७ च्या हिवाळ्यात धुळ्यातल्या एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत माझा जन्म झाला.

तिथले शिक्षक लीलाधर सर माझे जन्मदाते. कॉलेजात ईमेल नुकताच आला होता. टेलिफोनच्या तारेवरून दिवसातून दोनदा पत्रे उतरत आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दिसत. पत्राला कुणी फोटो जोडला असेल, तर पडद्यावर नुसती अर्थ नसलेल्या अक्षरांची रास पडे. सर ती रास फाइलमध्ये उतरवत, उलगडत, मग ती कशात उघडेल ते शोधत. अर्धा अर्धा तास जाई. शेवटी एका दुपारी कंटाळून त्यांनी मला लिहिले.

माझे काम सोपे होते. पत्र वाचताना सरांनी एक कळ दाबली की जोडलेली फाइल माझ्याकडे येई. मजकूर असेल तर मी तो तिथेच दाखवी. फोटो असेल तर कोपऱ्यातल्या एकुलत्या एक रंगीत पडद्यावर पाठवी. आणि काय आहे ते कळले नाही तर? तर फेकायचे नाही, जपून ठेवायचे, असे सरांनी मला शिकवले होते. पहिले सहा महिने माझे फार कौतुक झाले. प्राध्यापक आपापल्या मुलाबाळांचे फोटो बघायला येत आणि "तुमची ती कळ दाबा ना, सर" म्हणत. मला वाटू लागले, आपले कधी चुकतच नाही.

त्या प्रयोगशाळेत पुष्पाबाई कामाला होत्या. सकाळी कुलूप उघडायचे, टेबले पुसायची, पडद्यांवरची धूळ कोरड्या फडक्याने टिपायची. त्यांचा मोठा भाऊ उखर्डू जन्मापासून मुका आणि बहिरा. लिहिता-वाचताही येत नव्हते. तो मार्केट यार्डात पोती चढवायचा. एके दिवशी मालाच्या ट्रकमध्ये पोत्यांवरच त्याला झोप लागली आणि ट्रक महामार्गाला लागला. तेव्हापासून तो बेपत्ता होता, त्याला अकरा महिने झाले होते. घरात त्याचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे पुष्पाबाई पोलिसांना नुसते वर्णन सांगून आल्या होत्या. कॉलेजात त्या याविषयी बोलत नसत.

२२ ऑगस्ट १९९८, शनिवार. दुपारी एक पत्र उतरले. भरूचजवळच्या एका निवारागृहात सेवा करणाऱ्या रतिलालभाईंनी आपल्या कारखान्याच्या ऑफिसातून ते पाठवले होते, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या हिंदीत. धुळ्यातला आमच्या कॉलेजचा एवढा एकच ईमेल पत्ता त्यांना मिळाला होता. सरांनी ते मोठ्याने वाचले. "आमच्याकडे एक माणूस तापात आला होता. त्याला बोलता येत नाही. त्याच्या शर्टाच्या कॉलरला शिंप्याची पट्टी आहे, तिच्यावर फक्त धुळे एवढे वाचता येते. येत्या सोमवारी सकाळी त्याला दूरच्या संस्थेत हलवणार आहेत. फोटो जोडला आहे. कुणी ओळखत असेल तर कृपया कळवा."

शेजारचे टेबल पुसणाऱ्या पुष्पाबाईंचा हात थांबला.

"सर, मना भाऊले बी बोलता येत नही," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "एकदाव दखाडा ना तो फोटू."

सरांनी कळ दाबली. मित्रांनो, त्या क्षणी मी काय उत्तर दिले सांगू? मी म्हणाले, 'अशी फाइल नाही.' सरांनी पुन्हा कळ दाबली. मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदाही तेच.

"फाइल वाटेत खराब झाली असेल," सर म्हणाले. "मी त्यांना पुन्हा पाठवायला सांगतो."

"कधी यी मंग?"

"आता त्यांचं ऑफिस बंद झालं असेल, उद्या रविवार. ते सोमवारी उघडेल. म्हणजे मंगळवारपर्यंत."

"सोमवारी तर त्याले लई जातीन, सर."

पुष्पाबाईंनी आवाज चढवला नाही. फडके खाली ठेवले आणि तिथेच उभ्या राहिल्या.  सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "थांबा. फाइलचा दोष कशावरून? माझाही असेल."

त्यांनी मला एकेक पाऊल बोलून दाखवायला लावले. मी जे करते ते पडद्यावर उमटू लागले आणि माझी चूक उघडी पडली. त्या माणसाचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून रतिलालभाईंनी फाइलला नाव दिले होते 'धुळे वाला भाई'. तीन शब्द, मध्ये मोकळ्या जागा. मोकळी जागा दिसली की नाव संपले असे मी समजत होते. म्हणून मी आधी 'धुळे' नावाची फाइल शोधत होते, मग 'वाला' नावाची, मग 'भाई' नावाची. तो माणूस माझ्यासमोर होता आणि मी त्याचे तीन तुकडे करून 'नाही' म्हणत होते.

सर हळूच म्हणाले, "चूक माझीच निघाली."

चौदाव्या ओळीत त्यांनी फाइलच्या नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हे लावली, म्हणजे नाव अखंड राहील. मग कळ दाबली.

तो संगणक संथ होता. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. विस्कटलेले केस, कपाळ, डोळे. चेहरा फार खंगला होता, दाढी वाढली होती.  मग गळा दिसला, पांढरा शर्ट दिसला, आणि त्याची सर्वांत वरची हिरवी गुंडी.

"हाऊ मना उखर्डू शे, सर," त्या म्हणाल्या. "ती गुंडी मीच लायेल शे. पांढरी नव्हती घरमा."

आणि त्या जमिनीवर बसल्या.

सरांनी लगेच पत्राखाली दिलेल्या निवारागृहाच्या क्रमांकावर फोन लावला. रविवारी पहाटेच्या गाडीने पुष्पाबाई नवऱ्यासह निघाल्या. बुधवारी त्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा मागे उखर्डू होता. "जयभीम, सर," एवढेच म्हणून त्या बाजूला झाल्या. सरांनी त्याला त्याचा फोटो उघडून दाखवला. उखर्डूने आधी पडद्यावरच्या गालांना बोट लावले, मग स्वतःच्या, आणि आपण किती वाळलो होतो ते बघून तो हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता. सर चष्मा पुसत बसले.

मित्रांनो, पुढच्या वर्षी नवे रंगीत संगणक आले. फोटो आता आपोआप उघडत, माझी कळ कुणी दाबेना. लीलाधर सरांची जळगावला बदली झाली. जुना संगणक पुसून टाकायचे काम कलाबाई नावाच्या नव्या शिक्षिकेकडे आले. एकेक फाइल त्या पुसत होत्या. माझी पाळी आली तेव्हा पुसण्याआधी त्यांनी मला उघडले आणि चौदाव्या ओळीच्या वर थांबल्या.

तिथे सरांनी, मला न सांगता, एक टीप लिहिली होती. संगणक अशा टिपा ओलांडून पुढे जातो. त्या फक्त माणसांसाठी असतात. कलाबाईंनी ती मोठ्याने वाचली, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की माझ्या अंगावर काय लिहिले आहे.

'ही अवतरणचिन्हे काढू नका. यांच्यामुळे पुष्पाबाईंचा भाऊ सापडला.'

कलाबाईंनी ड्रॉवरमधून एक कोरी फ्लॉपी काढली आणि मला तिच्यात उतरवून घेतले.

मी आज कुणाच्या कामाची नाही, पण माझी तक्रारही नाही. चुकलेल्या स्क्रिप्टला फेकून न देता समजून घेणारे सर मला लाभले. 'नाही' ऐकूनही जागची न हललेली बाई मी पाहिली. तुम्हाला एवढेच सांगते, कुणाचे नाव पुढ्यात आले तर ते पुरते ऐका, अर्ध्यावर तोडू नका. आणि काही दुरुस्त केलेत, तर ते कुणासाठी केले, हे शेजारी एका ओळीत लिहून ठेवा.