मनगटाचा अंदाज

"मिस्त्री, डोळे झाकून हे घेऊन जा." दुकानदाराने काउंटरवरचं सगळ्यात मोठं मशीन पुढे सरकवलं. "ट्रकच्या चाकाचे नट खोलतं. तुमची मोटरसायकल म्हणजे याला खेळणं."

होऊ घातलेल्या जावयाकडे सासरा जसा बघतो, तसं मिस्त्रींनी त्या मशीनकडे बघितलं.

"ट्रक माझ्या गॅरेजात मावत नाही," ते म्हणाले. "आणि इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू असतात एवढे एवढे. त्यांच्यावर हा पहिलवान सोडला तर आटे गेलेच म्हणून समजा."

शेजारी उभी असलेली लेक तोंड फिरवून हसली. बॅटरीवरचं मशीन घेऊ या म्हणून तिनेच बापाचा पिच्छा पुरवला होता. मिस्त्रींचं उजवं मनगट बरेच दिवस दुखत होतं. जाम झालेला नट पान्याने ओढताना ते ओठ आवळत, आणि कुणी बघितलं की शीळ घालत. पण मशीनचं नाव काढलं की म्हणत, "माझं मनगट काय भाड्याचं आहे?"

त्या मनगटाचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? नट कुठवर आवळायचा हे त्यांना कधी कुणी सांगावं लागलं नाही. पाना ओढता ओढता मनगटच आतून "पुरे" म्हणे, तिथे ते थांबत. जास्त आवळून कधी आटे मारले नाहीत, कमी आवळून कधी चाक डुगडुगलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाहून लोक गाडी ढकलत त्यांच्याकडे आणत. मग आज सकाळी चहा पिता पिता ते आपणहून "चल, मशीन बघून येऊ" म्हणाले, तेव्हा लेकीच्या हातातला कप तसाच राहिला.

"उचलून तर बघा," दुकानदार हट्टाला पेटला होता.

मिस्त्रींनी उचललं. कळ मनगटातून निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली. चेहऱ्यावरची रेषा त्यांनी हलू दिली नाही, पण मशीन खाली ठेवताना डावा हात हळूच आधाराला लावला. दुकानदाराच्या ते ध्यानात आलं नाही. लेकीच्या आलं.

"हलकं दाखवा," ती म्हणाली.

मग मिस्त्रींनी दुकानदाराला पुरता घामाघूम केला. एका मशीनचा चाप दाबला की ते एकदम उसळायचं, ते नापास. एका ग्राइंडरचं बटण एकदा पुढे सरकवलं की तिथेच अडकून राहायचं, तो त्यांनी लगेच परत दिला. "हात सुटला की ग्राइंडर थांबला पाहिजे. नाहीतर आपण खाली पडलेले आणि हा वर फिरतोय!" ड्रिल असं मागितलं, की ज्याची बॅटरी नट खोलायच्या मशीनलाही बसेल. घरी फळी ठोकायची असली तर दुसऱ्या बॅटरीचा संसार मांडायला नको.

शेवटी नट खोलायची दोन मशीनं उरली. त्यातलं एक त्यांनी लेकीपुढे धरलं.

"धर."

"मी कशाला? तुमच्यासाठी घेतोय ना?"

"धर म्हणतो ना."

तिने धरलं. उलट-सुलट फिरवायच्या बटणापर्यंत तिचा अंगठा पोचेना. पकड सोडावी लागत होती. मिस्त्रींनी ते काढून घेतलं आणि दुसरं तिच्या हातात दिलं. अंगठा बरोबर बटणावर बसला.

"हे द्या," ते म्हणाले.

"पण मिस्त्री, चालवणार कोण?"

"ही."

दुकानदार नवा डबा आणायला मागच्या खोलीत गेला. लेक मशीन हातात घेऊन तशीच उभी.

"बाबा, हे काय चाललंय?"

"परवा पाववाल्याच्या गाडीचं मागचं चाक मी आवळलं," मिस्त्री काउंटरकडे बघत बोलू लागले. "नेहमीसारखी नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटते, लगेच कळतं. सकाळी बघतो तर रेघ तुटलेली. पण नट मागे नव्हता आला. पुढे गेला होता, म्हणजे आणखी आवळलेला. कुणी नेला?"

लेकीने हातातलं मशीन उगाच उलटंपालटं केलं.

"ढिला होता?"

"थोडासा."

"खरं सांग."

"बराच, बाबा."

"आणि बाकीच्या गाड्या?"

तिने मान खाली घातली. मिस्त्रींना उत्तर मिळालं. मनगट अजूनही "पुरे" म्हणत होतं. पण ते नट बसला म्हणून नव्हे, दुखतं म्हणून. आणि जन्मभराच्या भरवशावर ते तिथेच थांबत होते.

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही गॅरेजला कुलूप लावलं असतं."

ते खरं होतं, मिस्त्रींनी मान डोलावली. मग म्हणाले, "आधी राग आला तुझा. म्हटलं, ही कोण माझ्यामागून पाना फिरवणार? मग वाटलं, माझं नाव इतके दिवस हिनं राखलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटतंय बघ, की ही माझी पोर आहे."

"हळू बोला, दुकान आहे," लेक म्हणाली आणि ओढणीने नाक पुसलं.

दुकानदार डबा घेऊन आला.

"एक टॉर्क पानाही द्या," मिस्त्री म्हणाले. "ठरवलेल्या ताणाला टक् वाजतो तो."

"तो तुम्हाला कशाला? तुमचं मनगट म्हणजे..."

"मनगट म्हातारं झालं," मिस्त्री ठणठणीत आवाजात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, तेही परक्या माणसासमोर.

दुपारी टपालवाला गाडी घेऊन आला. मागचे ब्रेक लागत नव्हते. लेकीने नव्या मशीनने चाक खोललं, ब्रेक बदलले. परत बसवताना नट आधी बोटांनीच फिरवला, आटे नीट धरले आहेत असं बघितलं, मग टॉर्क पाना लावला. टक्.

टपालवाला मिस्त्रींकडे वळला. "तुम्ही एकदा हात लावा की. माझं आपलं समाधान."

लेकीने लगेच पाना बापापुढे केला, अगदी मनापासून. मिस्त्रींचा उजवा हात उठलासुद्धा. पण त्यांनी तो गाडीच्या सीटवर ठेवला.

"तिनं आवळलंय," ते म्हणाले. "या गॅरेजात आता तिचं काम तपासणारं तिच्यावर कुणी नाही. बसा."

टपालवाला बसला, गाडी निघाली. वळणाआड जाईपर्यंत मिस्त्री ताठ मानेने त्या मागच्या चाकाकडे बघत होते. मग काम संपल्यावर नेहमी जात तसे ते नळाशी गेले, साबण घेतला आणि पाण्याखाली हात धरले. हाताला धुण्यासारखं काही लागलंच नव्हतं.