बाटली ठेवणाऱ्याचा चेहरा

हवालदार कुत्र्याने तिसऱ्या पलंगाच्या पायाशी बूड टेकलं आणि मान वर केली. वहिनींनी खिशातला बिस्किटाचा तुकडा त्याच्या तोंडात दिला, मग गादीचा कोपरा उचलला. खाली औषधाची छोटी बाटली होती. तोंडाला बारीक जाळी, आत जिवंत ढेकूण.

"अगंबाई, पुन्हा बरोबर!" रेक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या मुली परीक्षेत इतकं बरोबर लिहीत नाहीत."

"हा अभ्यास करून येतो," धाकटा दीर दारातून म्हणाला. "कॉपी नाही."

वसतिगृहातल्या मुलींच्या अंगावर गांधी उठत होत्या. औषधवाले फवारणी करून गेले. वास राहिला आणि गांधीही राहिल्या. आता नेमके कुठले पलंग बाधलेत ते शोधायचं होतं. कुत्रा ढेकूण हुंगून काढतो, यावर रेक्टरबाईंचा विश्वास नव्हता. वरच्या मजल्यावरून एकही तक्रार नव्हती, म्हणून परीक्षा तिथे होती. बाटल्या वहिनींनी दिल्या होत्या, लपवल्या रेक्टरबाईंनी.

वहिनी आणि दीर यांचा हा एवढाच धंदा होता. हवालदाराला शिकवून तयार करण्यात वर्ष गेलं होतं. हे काम मिळालं तर दुसरी वसतिगृहंही येणार होती. नाही मिळालं तर दिराने मेहुण्याच्या दुकानात बसायचं आणि हवालदाराला कोणाला तरी देऊन टाकायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

पुढच्या खोलीत हवालदार पहिल्या पलंगापाशी रेंगाळला. त्याचं नाक खाली गेलं नाही. त्याने दाराकडे पाहिलं. दारात रेक्टरबाई किल्ल्यांचा जुडगा हलवत उभ्या होत्या. तो दुसऱ्या पलंगाकडे सरकला, पुन्हा दाराकडे पाहिलं. तिसऱ्या पलंगाशी पोचला तेव्हा जुडगा वाजायचा थांबला. हवालदार बसला.

वहिनींचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

गादीखाली बाटली होती.

बाटली लपवणारा वेगळा आणि कुत्रा फिरवणारा वेगळा, हा नियम त्यांनी घरच्या सरावात कधी मोडला नव्हता. दीर लपवायचा, त्या पट्टा धरायच्या. कुठे लपवली ते त्यांना ठाऊक नसायचं. पण लपवून झाल्यावर दीर जायचा कुठे? दाराला टेकून मजा बघायचा. कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घरात राहिलेला प्राणी. गादी हुंगण्यापेक्षा माणूस वाचणं त्याला सोपं होतं, आणि सोपं ते त्याने केलं होतं.

"मग पुढच्या महिन्यापासून दर—" रेक्टरबाईंनी सुरुवात केली.

"अजून एक खोली घेऊ या," वहिनी म्हणाल्या. "या वेळी बाटली ठेवून तुम्ही जिन्याजवळ थांबा. मी बोलावेपर्यंत येऊ नका. भाऊजी, तुम्हीसुद्धा."

रेक्टरबाई बाटली घेऊन शेवटच्या खोलीत गेल्या. तेवढ्यात दिराने वहिनींना बाजूला घेतलं.

"वहिनी, बाई हो म्हणत होत्या. हो म्हणणाऱ्या माणसाला कोणी मध्येच अडवतं का?"

"हा कॉपी करतोय, भाऊजी."

"कोणाची?"

"आज त्यांची. घरी तुमची."

दिराने हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने शेपूट हलवली.

"चोर कुठला," दीर म्हणाला. मग आवाज उतरला. "आणि आता नापास झाला तर?"

"तर मेहुण्यांना सांगा, दुकानात माझीपण खुर्ची ठेवा."

दीर हसला नाही. रेक्टरबाई बाहेर आल्यावर त्यांच्यामागून जिन्याकडे गेला.

खोलीत चार पलंग होते, गाद्या झटकून नीट घातलेल्या. वहिनींनी दार लोटलं आणि हवालदाराचा पट्टा सोडला. कामावर असताना त्यांनी तो कधी सोडला नव्हता. हवालदार दोन पावलं गेला आणि थांबला. आधी दाराकडे पाहिलं. मग वहिनींकडे. वहिनींना काही ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावर द्यायला काही नव्हतं. तरी त्या वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मागे बराच वेळ काहीच झालं नाही. एकदा तो त्यांच्या पोटरीला नाक लावून गेला. त्या हलल्या नाहीत. मग फरशीवर नखं वाजली. फुसफुस ऐकू आली, भराभर, दमलेल्या माणसासारखी. ती एका जागी अडली, आणि थांबली.

वहिनी वळल्या. हवालदार दाराजवळच्या पलंगाशी बसला होता. तोंड गादीकडे होतं.

बिस्कीट लगेच द्यायचं असतं, आणि चुकीच्या जागी दिलं तर वर्षाची मेहनत बिघडते. वहिनींनी ते त्याच्या तोंडात ठेवलं. मग हाक मारली.

रेक्टरबाई आत आल्या, पलंग पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"मी इथे काही ठेवलेलं नाही हो. बाटली तिकडे, खिडकीकडच्या गादीखाली आहे."

"वहिनी," दीर हळूच म्हणाला.

"विजेरी द्या, भाऊजी."

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. गादी उलटी केली, शिवण दोन बोटांनी उसवल्यासारखी ताणली आणि उजेड धरला. काळे ठिपके एका रांगेत गेले होते. रांगेच्या टोकाला एक ठिपका चालू लागला.

दिराने वाकून पाहिलं. "हा बाटलीतला नाही," तो म्हणाला. "हा इथलाच रहिवासी."

रेक्टरबाई वळल्या आणि आधी त्यांनी दार घट्ट लावून घेतलं. "या मजल्यावर?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, आणि पदर सावरून त्याही गुडघ्यांवर बसल्या. "दाखवा बघू."

तिघांची डोकी गादीवर एकत्र झाली. खिडकीकडच्या पलंगाशी हवालदार कधी जाऊन बसला, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.