गाडीची उलटी बाजू

"थोरला दे," गाडीखालून आवाज आला.

पाठोपाठ एक हात बाहेर आला. तळवा वर, बोटं काळी. मी त्यावर पाना ठेवला.

"हा मधला आहे."

"थोरलाच आहे तो. डोळे उघडे आहेत माझे."

आत पाना नटावर टेकल्याचा आवाज आला. मग हलकेच, "हो गं. थोरलाच आहे."

आमच्याकडे पान्यांना नंबर नव्हते, नाती होती. थोरला, मधला, धाकटा आणि एक जावई. जावई कुठल्याच नटाला धड बसायचा नाही, पण पेटीत सगळ्यात मऊ फडकं त्याच्या वाट्याला. टाकून द्यायचीही सोय नाही. कुणी म्हणालं, "हा कशाला ठेवलाय?" की हे म्हणायचे, "मान असतो त्याचा."

माझी जागा पालथ्या बादलीवर, पुढच्या चाकापाशी. मांडीवर डब्याचं झाकण. काढलेला प्रत्येक नट त्यात पडायचा आणि झाकण रिकामं झाल्याशिवाय यांनी गाडीखालून बाहेर यायचं नाही, असा आमचा नेम. लग्न झाल्यापासून मी त्या बादलीवर बसत आले. गाडीच्या पोटात काय चालतं ते मला कधी दिसलं नाही. दिसायचे ते यांचे दोन पाय. गल्लीतून जाणाऱ्या बायका हसायच्या, तेव्हा मीच त्यांना जुळवून ऐकवायचे:

दोन पाय गं बाहेर, बाकी नवरा गाडीखाली,
सखे, अर्ध्या संसाराची मीच केली रखवाली.

हे कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी. अर्धं गाव यांच्या दातांनी हसायचं, आणि हे त्यातल्या कुणाला ओळखायचे नाहीत. ओळखायचे ते फक्त जबडे. कवळी घासताना किती घासायची, हे मोजून कळत नाही म्हणायचे. मनगट सांगतं. मनगट म्हणालं पुरे, की पुरे. नट आवळतानाही तेच.

सर्व्हिस सेंटरचं नाव काढलं तर हे कानाला हात लावायचे. "ताप घेऊन जा, पाय बदलून देतात," म्हणायचे. "आणि आपण बाहेर सोफ्यावर बसायचं. स्वतःच्या माणसाला आत फाडतायत आणि आपण कॉफी पितोय."

गाडी जुनीच. लेक परिचारिका झाली, घरोघरी जाऊन आजारी माणसं, बाळंतिणी बघायला लागली, तेव्हा आम्ही ती तिला देऊन टाकली. चालवणार ती, बघणार हे. त्या रविवारी यांनी ब्रेकचे पॅड बदलले, चाकं चढवली, झाकण रिकामं झालं, हे बाहेर आले. माझं काम झालं म्हणून मी बादली सुलटी केली.

दुसऱ्या दिवशी लेक नेहमीपेक्षा लवकर घरी आली. पाणी प्यायली. किल्ली टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"बाबा, चाकं आवळली होतीत ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"डावं पुढचं. उतारावर डगडगायला लागलं. थांबून बघितलं तर नट बोटांनी फिरत होते."

"झाकण रिकामं होतं," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले.

"नट सगळे होते गं आई. सैल होते."

यांनी आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्या पिशवीत यावी, तसं.

"आण किल्ली. परत आवळतो. दोनदा आवळतो."

लेक बसली नाही. "बाबा, आज माझ्या शेजारी एक बाळंतीण होती. तिच्या मांडीवर पोर. मी नट आवळत होते तेव्हा ती मला विचारत होती, ताई, काही झालंय का? मी म्हणाले, काही नाही, झोपा तुम्ही." तिचा आवाज इथवर नीट होता. मग मोडला. "उद्या गाडी सर्व्हिस सेंटरला. माझ्यावर रागवा, पण उद्या गाडी तिथेच जाणार."

हे रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. हे म्हणाले, "जाऊ दे."

त्या संध्याकाळी पाणी पिताना यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि मला दिसू नये म्हणून भिंतीकडे वळले. बरणीचं झाकण हल्ली माझ्याकडे का येतं, शर्टाचं वरचं बटण उघडंच का असतं, सगळं मला एकदम कळलं. मला भीती गाडीची नव्हती. लेक परत कधी यांच्या हातची गाडी चालवेल की नाही, हा घोर होता. आणि नाही चालवली तर सकाळी उठून हा माणूस आपल्या हातांना काय काम सांगणार?

लेकीने गाडी सर्व्हिस सेंटरच्या दारात आणून सोडली आणि ती कामावर गेली. आम्ही दोघं आत. फरशी अशी, की चपला काढाव्यात की काय असं वाटावं. काउंटरवरच्या तरुणाने विचारलं, "काका, तक्रार काय आहे?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"चाकं आवळून हवीत," मी म्हणाले.

"फक्त चाकं?"

"सगळं बघा," हे म्हणाले. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात सोपवताना लेकाचा आवाज येतो, तसा आवाज.

सोफ्यावर हे बसले नाहीत. काचेला नाक लावून उभे राहिले. पलीकडे गाडी आत आली, दोन खांबांच्या मधे थांबली, तिच्या कुशीखाली चार लोखंडी हात गेले. आणि मग गाडी उठली. कुणी ढकललं नाही, कुणी हुश्श केलं नाही. जमीन सोडून ती वर गेली, चाकं खाली लोंबली, माणसाच्या डोक्याच्याही वर जाऊन ती स्थिर झाली.

"अगं, उठली," हे माझ्या कानात म्हणाले. देवळात बोलतात तसं.

"बघतेय मी."

"अख्खा जन्म मी तिच्याखाली सरपटलो. आणि तिला उभं राहता येत होतं."

गाडीखाली एक मुलगी काम करत होती. आखूड केस, गालावर ग्रीसचा फराटा. बॅटरी घेऊन ती गाडीच्या पोटात बघत होती, आणि एका जागी थांबली. परत मागे गेली. परत पुढे आली. मग दार ढकलून थेट आमच्याकडे.

"ही गाडी तुमची ना? काम कोण करतं हिचं?"

"का? अजून काही चुकलंय?" यांनी हात खिशात घातले.

"चुकलं नाही हो. खाली काय काय लावलंय ते मला ओळखता येत नाहीये. आत या तुम्ही. काकू, तुम्हीपण या. खरं तर आत आणायची परवानगी नाही, पण साहेब जेवायला गेलेत. हे डोक्यावर घाला."

पिवळी टोपी यांच्या डोक्यावर घागरीसारखी बसली. मी हसले तर म्हणाले, "तुझी बघ आधी."

आणि मी गाडीखाली गेले. उभी. पदर सावरत, मान वर करून.

मी आयुष्यभर लोकांचे कपडे दुरुस्त केले. उसवलेलं शिवायचं, आखूड करायचं, अस्तर बदलायचं. माझं एक मत आहे. कपडा सुलट्या बाजूने सगळ्यांनाच फसवतो. शिवणारा कोण होता ते उलट्या बाजूला कळतं. कुठे घाई केली, कुठे दोरा नीट मुरवला, कुणी बघणार नाही तिथेही टाका सरळ घातला की नाही. मी कुणाच्याही घरी गेले की पडद्याची उलटी बाजू बघते. आणि या माणसाची उलटी बाजू माझ्या डोक्यावर अशी पसरली होती, आभाळ पसरावं तशी.

पत्र्याला जिथे गंज धरला असेल तिथे तो खरवडून, रंग देऊन, कडा आत मुडपलेली. मी साडीला घालते तशी हातशिलाईची दुमड. तारा एका रांगेत बांधलेल्या, प्रत्येक गाठीचं टोक आत वळवलेलं, कुणाचा हात ओरखडू नये म्हणून. कुणाचा हात? तिथे यांच्याशिवाय कुणाचाच हात जाणार नव्हता. एक पट्टी हरवलेली असावी, तिच्या जागी दुसरी घडवलेली. तिचे कोपरे गोल घासलेले. जिभेला टोचू नये म्हणून कवळीचे घासतात, तसे.

"आणि हे," मुलीने बॅटरी रोखली. "हे गुलाबी काय आहे?"

काळ्या, तेलकट लोखंडात एक गुलाबी तुकडा. त्यावरून एक बारीक पाइप निवांत पहुडलेला.

"हिरडी," हे म्हणाले.

"काय?"

"कवळीची हिरडी. त्याचं मटेरियल उरलं होतं. पाइप पत्र्याला घासत होता, म्हणून त्याला बूड करून दिलं."

मुलगी इतकी हसली की पलीकडच्या गाडीवरचे दोघं वळून बघायला लागले. मग तिने बोटाने पाइप किंचित उचलला, खाली उजेड टाकला आणि तिचं हसू थांबलं. "एक ओरखडा नाही, काका. कधी बसवलं होतं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लेकीचे दुधाचे दात पडत होते तेव्हा," मी म्हणाले. मला नक्की ठाऊक नव्हतं. पण तसंच असणार.

हे मात्र ऐकत नव्हते. मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, परत येत होते.

"हा पाइप थेट मागेपर्यंत जातो?"

"हो. सरळ."

"मला वाटायचं, मधे कुठेतरी वळतो." ते थांबले. "मला ही नाकापासून वीतभर दिसायची गं. एका वेळी एक तुकडा. हे इथे, ते तिथे. असं सगळं मिळून..." त्यांनी हात वर केला. बोटं लोखंडाला टेकली, आणि तशीच राहिली. कंप सुटलेला हात लोखंडाला टेकला की थरथर दिसत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

मुलीने तपासायला काढलेली चाकं चढवली, गाडी खाली आणली. मग एक लांब दांड्याचा पाना काढला. "हा बोलतो. जेवढं हवं तेवढं आवळलं गेलं की कट् म्हणतो. मग थांबायचं."

"मी एक आवळू?"

तिने साहेबाच्या केबिनकडे नजर टाकली. "एकच हां."

डावं पुढचं चाक. यांनी पाना लावला, पाय रोवले आणि ओढला. एक क्षण. मग सैल सोडून म्हणाले, "झालं."

मुलगी पान्याकडे बघत राहिली.

"झालं ना? मनगट सांगतंय."

"पाना काही म्हणाला नाही, काका."

त्यांनी परत ओढला. मानेची शीर तटतटली. पाना हलला, पण गप्पच. मुलगी मदतीला एक पाऊल पुढे आली. मी तिच्याआधी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी पाना नुसता दिला नाही. यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

कट्.

शिवण संपल्यावर दाताने दोरा तोडावा, तेवढाच आवाज.

हे नटाकडे बघत राहिले. "एवढं राहिलं होतं?"

"एवढं," मुलगी म्हणाली. तिने ते गोडही केलं नाही आणि कडूही केलं नाही. त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

यांनी पाना फडक्याने पुसला आणि दोन्ही हातांवर धरून तिला परत केला. "बाकीचे तू आवळ. मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. हात मागे बांधून, प्रत्येक 'कट्'ला मान हलवत. जाताना मुलगी म्हणाली, "नियमाने मला ती हिरडी काढून कंपनीचा पार्ट टाकायला हवा."

"मग काढ."

"मला दिसलीच नाही ती," म्हणत ती दुसऱ्या गाडीकडे गेली.

लेक कामावरून परस्पर तिथे आली. चेहरा जपून ठेवलेला. बाप रागावलाय का, खचलाय का, हे दुरूनच चाचपणारा. यांनी तिच्या हातात किल्ली दिली.

"विचार, चाकं कोणी आवळली."

"कोणी?"

"आतल्या पोरीने. भारी आहे. एक नट मात्र आम्ही दोघांनी."

"कुठला?"

"तो नाही सांगणार. ओळख."

लेक चाकापाशी वाकली. मला वाटलं, ही आता नट बोटांनी फिरवून बघणार. तिने टायरला लागलेलं वाळकं पान काढून टाकलं आणि सरळ आत जाऊन बसली. "चला बाबा. पुढे बसा. आई, दार नीट लाव."

"पुढच्या वेळी मला आधी सांग," हे बसता बसता म्हणाले. "तिची वेळ घ्यावी लागेल. गर्दी असते तिच्याकडे."

रस्ता नेहमीचा. या रस्त्यावर हे कधी बोलायचे नाहीत आणि बोलू द्यायचे नाहीत. गाडी चालू झाली की यांचा कान इंजिनाकडे. कुठे किर्र झालं, कुठे खट् झालं. आज मात्र हे खिडकीकडे वळून बसले. घरं गेली, भिंती गेल्या, उतार लागला.

"अगं," एकदम म्हणाले, "ही नदी इथून दिसते?"

"कायमच दिसते, बाबा."

"कधीपासून?"

"रस्ता झाला त्याच्याही आधीपासून," मी मागून म्हणाले.

आम्ही दोघी हसलो. हे हसले नाहीत. त्यांनी काच खाली केली. नदी खाली दूरवर पसरली होती, कलत्या उन्हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. हे मान लांब करून तिच्याकडे बघत होते, आणि लेकीने गाडी हळू केली.