लाल हेल्मेटखालचं तोंड

खांबावर चढलेला माणूस खालून ओळखायचा तो हेल्मेटच्या रंगावरून. पिवळं म्हणजे लाइनमन, निळं म्हणजे नवखा, आणि लाल एकच, साहेबांचं. एवढ्या उंचीवर तोंड दिसतं कुणाला? वीस वर्षं लाइनमन असलेल्या थोरल्याच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की कावळेही असंच बघत असतील यात त्याला शंका वाटली नाही.

सूड उगवायचा होता साहेबांवर. वर्षापूर्वी त्याचा धाकटा भाऊ खांबावर असतानाच साहेबांनी सबस्टेशनला फोन करून लाइन चालू करायला लावली होती. धाकट्याचा उजवा हात गेला. चौकशीत साहेब म्हणाले, "मला न विचारताच चढला तो." तेच खरं धरलं गेलं. धाकट्याची नोकरी गेली, वर बेपर्वाईचा ठपका. साहेब मात्र रोज सकाळी ऑफिसच्या अंगणात झाडाखाली खुर्ची टाकून कामं वाटत बसायचे.

त्या झाडावर कावळ्यांची वस्ती होती. शेजारच्या खांबावर एका जोडीने काटक्या आणि तारांचे तुकडे जमवून घरटं बांधलं. घरट्यात पिल्लं असली, की ती उडून जाईपर्यंत थांबायचं, असा लाइनमन लोकांचा शिरस्ता. थोरला थांबला नाही. साहेब जेवायला गेल्यावर त्याने खुंटीवरचं लाल हेल्मेट डोक्यावर चढवलं, वर गेला आणि घरटं पिल्लांसकट खाली लोटून दिलं.

जोडीतला एक कावळा ओरडला. घसा फाटेल असा, एकसारखा. बघता बघता तीस-चाळीस कावळे गोळा झाले आणि थोरल्याभोवती गरगरू लागले.

"नीट बघून घ्या," तो पुटपुटला. "हे हेल्मेट विसरू नका."

दुसऱ्या दिवशी मजा बघायला तो मुद्दाम लवकर आला. साहेब लाल हेल्मेट घालून खुर्चीत बसलेले. डोक्यावरच्या फांदीवर एक कावळा निवांत पिसं साफ करत होता. थोरल्याने फाटकातून पाऊल आत टाकलं मात्र, त्या कावळ्याने मान वर केली आणि कालचाच आवाज काढला.

सगळं झाड त्याच्यावर आलं. समोरून नाही, मागून. पिवळ्या हेल्मेटवर टकाटक चोची बसल्या, मान ओरबाडली गेली.

साहेब पोट धरून हसले. "काय रे, सोयरीक जुळवायला आलेत वाटतं!"

रात्री बायको मानेला औषध लावत असताना थोरल्याने तिला सगळं सांगून टाकलं. ती चौथीच्या वर्गाला शिकवायची.

"अहो, माझ्या वर्गातलं पोरसुद्धा सांगेल तुम्हाला. कावळा टोपी बघत नाही, तोंड बघतो. टोपी रोज बदलेल. तोंड कसं बदलणार?"

"पण घरटं तर दोघांचंच होतं. बाकीच्यांचं मी काय घोडं मारलंय?"

"एक ओरडला, की बाकीचे येऊन बघतात, कुणावर ओरडतोय ते. आणि लक्षात ठेवतात. संध्याकाळी एका झाडावर जमतात, सकाळी चारी दिशांना पांगतात. चार दिवसांत तुमची कीर्ती गावभर होईल." मग हात थांबवून तिने विचारलं, "पिल्लं किती होती?"

"दोन."

तिने औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं.

कीर्ती झाली. तो ज्या रस्त्याला जाई, तिथला कावळा ओरडे आणि त्याला पुढच्या चौकापर्यंत पोचवी. तिथे दुसरे तयारच असत. खांबावर तर पाय ठरू देईनात. त्याने तोंडाला फडकं बांधून पाहिलं, पण घामाने चष्मा धुरकटला, आणि आंधळ्यासारखं वर चढता येत नाही. शेवटी साहेबांनी त्याला सबस्टेशनात बसवलं. "बस आता बटणं दाबत. तुझ्या भावाच्या एका हातालाही जमलं असतं हे."

थोरल्याने ते गिळलं. लाइन चालू-बंद करणं आता त्याच्या हातात होतं.

चार महिन्यांनी भर दुपारी कावळ्यांनी आणलेली एक तार दोन वाहिन्यांवर आडवी पडली आणि अर्ध्या गावाची वीज गेली. दोघे लाइनमन रजेवर, तिसरा तापाने फणफणलेला. वरून फोनवर फोन. साहेबांना स्वतःच चढावं लागलं. धाकटा तेव्हा डबा घेऊन सबस्टेशनात आला होता. शेजारी ऑपरेटर रजिस्टर उघडून बसलेला. इथल्या फोनवरचा शब्द न् शब्द वेळेसकट लिहायचा असा नियमच होता.

"बंद केलीस?" स्पीकरवर साहेबांचा आवाज आला.

"केली साहेब. लावा हात."

थोडा वेळ पक्कडीचा आवाज येत राहिला. मग थोरला म्हणाला, "साहेब, हात तारेवरच आहे ना?"

"हो. का रे?"

"नाही, चालू कधी करायची ते विचारतोय. त्या दिवशी तुम्ही कसं ठरवलं होतंत?"

पक्कड थांबली. धाकट्याने डबा खाली ठेवला.

"अरे... हा काय चावटपणा? मी पट्ट्याने अडकलोय इथे!"

"तोही अडकलेलाच होता. विचारून चढला होता की न विचारता?"

"हे बघ, तू... थांब. विचारून. विचारूनच चढला होता. मीच विसरलो, तो वर आहे ते. ऐकलंस? बटणाला हात लावू नकोस रे बाबा!"

ऑपरेटरने घड्याळ बघितलं आणि लिहिलं. थोरल्याने खिशातून त्या लाइनचे तीन फ्यूज काढून टेबलावर ठेवले. हात लावा म्हणण्याआधीच ते त्याने काढून घेतले होते. बटण दाबूनही काही झालं नसतं. साहेबांना हे त्याने काम संपवून ते खाली उतरल्यावरच सांगितलं.

संध्याकाळी दोघे भाऊ घरी निघाले. रजिस्टरच्या त्या पानाची प्रत धाकट्याच्या खिशात होती, आणि तो हात गेल्यापासून पहिल्यांदा शीळ घालत होता. फाटकाबाहेर तारेवर एक कावळा बसला होता. कोवळा, अजून तोंडातला लालसरपणा न गेलेला. घरटं पडलं तेव्हा तो अंड्यातही नव्हता. त्याने मान वाकडी करून थोरल्याकडे नीट बघितलं आणि चोच उघडली.

"दादा, पळ!" धाकटा म्हणाला.

थोरला पळाला नाही. हेल्मेट काढून त्याने हातात घेतलं, मान खाली घातली आणि चालत राहिला. मागून पंखांचा आवाज जवळ येत होता.