नकाशावरचा ओढा

यंदाच्या श्रावणात तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर पाऊस रोज यायचा आणि रोज फसवायचा. पत्र्यावर चार थेंब वाजायचे, अंगणातल्या धुळीवर ठिपके उठायचे, आणि माणसं पुन्हा आभाळाकडे बघत बसायची. मला मात्र तेवढ्या भुरभुरीनेही माझं सातवं वर्ष आठवायचं: पापण्यांवरून ओघळणारं पाणी, कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा वास, आणि शाळेमागून निघून अजिनाथकाकांच्या रानातून थेट आमच्या दारापर्यंत वाहत आलेला ओढा.

आठव्या वर्षापासून मी दूरच्या वसतिगृहांत शिकले, पुढे पाणलोटाचा अभ्यास केला आणि परतले ती त्या ओढ्यासाठीच. तो बुजला म्हणून गावाच्या विहिरी आटल्या, याची मला खात्री होती. मी नकाशा काढला, घरोघर फिरले. लोक चहा द्यायचे, नकाशा उलटा धरून न्याहाळायचे आणि 'बघू' म्हणायचे. त्या 'बघू'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"पोरी, तुझ्या कागदावर ओढा हाय, माझ्या रानात तूर हाय," अजिनाथकाका म्हणाले. "तूर उपटून तुझा ओढा कुठं बसवू?"

"मी पाहिलाय तो, काका. आठ दिवस झड लागली होती तेव्हा."

"मग भीमाबाईला इचार. ती व्हय म्हनली, तर पहिली कुदळ माझी. न्हाईतर हा कागद चुलीत."

भीमाआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, ओट्यावर मटकी निवडत होती. मी त्या झडीचं साल सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"त्या साली कुठली झड, बाई? जनावरं समदी चारा-छावनीत हुती. म्हनून तर तुला धोंडी केली."

पाऊस लांबला की आमच्याकडे लहान मुलाला निंबाचा पाला नेसवून घरोघर फिरवतात आणि प्रत्येक दारात त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. मी आतल्या आत चरफडले. म्हणजे माझी इतक्या वर्षांची धडपड, हा नकाशा, सगळं तांब्या-तांब्याने ओतलेल्या पाण्यावर उभं होतं!

"किती घरांनी ओतलं असेल?" मी त्राग्याने विचारलं.

"येकानं बी न्हाई."

मी तिच्यासमोर ओट्यावर बसले.

"पानी हुतंच कुठं? दारातनं धोंडी तशीच माघारी धाडू न्हाई, म्हनून बायांनी रिकामेच तांबे वतले तुझ्यावर."

"मग मी भिजले कशी?"

आत्याने सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. "घरी आलीस तवा पाला निथळत हुता. शाळेपासनं दारापातुर तुझ्या मागं वल हुती. आठ दिस वाळली न्हाई." मग खाली सुपात बघतच, "म्हनून तर तुला लांब शिकाया धाडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी अजिनाथकाका कुदळ घेऊन अंगणात उभे. मागे दहा-बारा बायामाणसं.

"आत्या हो म्हणाली?" मी विचारलं.

"तू कागद ठिव घरात. शाळेपासनं नुसती चाल. तू चालशील तिथं खनू."

उतार, पातळी, मातीचे थर यांबद्दल मला ओरडून बोलायचं होतं. पण माझ्या कामासाठी गाव पहिल्यांदाच घराबाहेर पडलं होतं, आणि मी एक शब्द जास्त बोलले असते तर ते परत फिरलं असतं. नकाशा ठेवला. शाळेमागून चालू लागले. आभाळ उघडं होतं, ऊन चटका देत होतं.

सुरुवातीला मागून बोलणं ऐकू येत होतं, कुणीतरी माझ्या शहरी चालीवर हसलंही. तुरीचा बांध ओलांडला आणि हसणं थांबलं. कुदळीच्या पहिल्या घावासाठी मी कान देऊन चालत राहिले. तो आलाच नाही.

शेवटी चिडून मागे वळले.

सगळे बांधावर थांबले होते. प्रत्येकाने चपला काढून हातात धरल्या होत्या, आणि बाया लुगडी घोट्यांच्या वर खोचत होत्या.