बंद दारांची ऊब

विनायकच्या नागोयातल्या घरात गेल्या वर्षापर्यंत हिवाळ्यात एकच खोली उबदार असायची. २०११च्या भूकंपानंतर वीज जपायची म्हणून तिघांनी संध्याकाळी एकाच हीटरपुढे बसायचं ठरवलं. पुढे विजेची ओढाताण संपली, सवय मात्र राहिली. लेक राधिका तेव्हा चौथीत होती. तिचा गृहपाठ, बायको कश्मिराचं भाजी निवडणं, विनायकचा लॅपटॉप, सगळं त्या एका खोलीत. बसल्याजागी कुणाचे पाय कुणाला लागत.

यंदा राधिकाची विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. तोक्योत प्रवेश मिळाला तर मार्चअखेर ती घर सोडणार होती. तिला शांतपणे अभ्यास करता यावा म्हणून विनायकनेच घरात नवी यंत्रणा बसवून घेतली. प्रत्येक खोलीला स्वतःचा हीटर, स्वतःचा सेन्सर आणि सगळ्यांचा ताबा फोनवर. कारखान्यात रोज इंजिनांची तापमानं तपासणाऱ्या माणसाला हे काम मनापासून आवडलं. कोणती खोली कधी, किती तापवायची हे त्याने अख्खा रविवार घालवून बेतलं. यंत्रणा बसवायला आलेल्या कातो-सानची सूचना एकच होती: दारं लावून घेत जा, नाहीतर उपयोग नाही.

दारं लागली. राधिका वरच्या खोलीत, कश्मिरा स्वयंपाकघरात, विनायक बैठकीत. जिन्यातून हाक मारली की वरून जपानीत उत्तर यायचं, "नंतर."

"तोंड का पाडलंय?" कश्मिराने विचारलं. "बिघडलं का काही?"

"बिघडलं नाही. अगदी ठरवलं तसं चाललंय."

"मग तिची अपॉइंटमेंट घे. नावापुढे मानाचं 'सान' लावून हाक मार, कदाचित येईल."

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी विनायकने फोनवरून राधिकाच्या खोलीचा हीटर बंद केला आणि टीव्ही न लावता बसून राहिला. तिच्या खोलीचा आकडा हळूहळू उतरत होता. पोरीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि आपण हे काय करतोय, असं त्याला वाटत होतं. तरी बटणाकडे बोट वळेना.

जिना वाजला. अंगावर रजई गुंडाळून, हातात गणिताचं पुस्तक घेऊन राधिका आली.

"बाबा, माझा हीटर तू बंद केलास ना?"

"चुकून झालं असेल."

"माझ्या फोनवरही दिसतं ते. आणि तू इंजिनिअर आहेस."

स्वयंपाकघरात कश्मिरा हसली. विनायकने मुकाट्याने हीटर पुन्हा लावला.

"तापायला वेळ लागेल," तो म्हणाला. "तोवर बस इथे."

ती बसली. थोड्या वेळाने तिने पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "हे सुटत नाहीये."

दुसऱ्याच ओळीत त्याला वाट दिसली. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अवघड दिसतंय. आधी नीट आकृती काढू."

खोली तापल्याचा संदेश दोघांच्याही फोनवर एकदमच आला. राधिकाने आपला फोन पालथा ठेवला आणि रजई पायांवर ओढून घेतली.

"उत्तर लगेच सांगू नकोस हं."

विनायकने पेन्सिल उचलली आणि अगदी सावकाश वर्तुळ काढायला घेतलं.